रजा संपते, धूळ राहते

कर्मचारी राज्य विमा योजनेखाली आजारी कामगाराला वर्षाकाठी ९१ दिवस वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. १९४८ च्या कायद्याने पाया घातलेला हा हक्क मोलाचाच. पण रजा संपल्यावर काय? कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा छातीचा विकार कायद्याने व्यवसायजन्य मानला आहे. परंतु निदान करणारा तज्ज्ञ नसेल, तर तो साधा खोकला ठरतो आणि कामगार पुन्हा त्याच धुळीत उभा राहतो. म्हणून प्रत्येक औद्योगिक केंद्रात अशा विकारांची खास चिकित्सालये हवीत. तेथील डॉक्टरांना कामाची जागा तपासण्याचा व काम बदलून देण्याचा आदेश काढण्याचा अधिकार असावा. एरवी ती कामगाराला घाईने यंत्रावर धाडणारी ठाणीच बनतील. छाती बरी करावयाची तर खात्यातली हवा बदलली पाहिजे, आणि तो खर्च मालकाने सोसला पाहिजे.