नव्या मुलाला वर्गात काम हवं

ऑगस्ट संपत आला की आपल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. नुकतंच न्यू जर्सीत आलेलं कुटुंब विचारतं, "शाळेच्या फॉर्मवर घरातली भाषा कोणती लिहायची?" मिनिटभरात जुन्या जाणत्यांची उत्तरं हजर. "इंग्लिशच लिहा. मराठी लिहिलंत तर ईएसएलला टाकतील हं!" जणू ईएसएल, म्हणजे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवणारा वर्ग, ही ढ मुलांची तुकडी. त्यावर दोन अंगठे, एक नमस्कार, आणि प्रश्न निकालात.

हा सल्ला वाईट आहे. तो आपण इतक्या आपुलकीने देतो की तो वाईट आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

फॉर्मवर मराठी लिहिल्याने मूल थेट कुठेही जात नाही. गरज वाटली तर शाळा एक चाचणी घेते. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असं चारही अंगांनी इंग्रजी पाहते. ठाण्याच्या किंवा पिंपरीच्या इंग्लिश मीडियममधून आलेली मुलगी वाचन-लेखनात सहज पुढे असते. तिची गाडी अडते ती ऐकण्यात. जिमचे सर भरभर बोलून शिट्टी वाजवतात, सगळी मुलं एका दिशेला पळतात आणि ही उभीच राहते. याला मदत घेण्यात कमीपणा कसला? आणि ही मदत म्हणजे शाळेने केलेले उपकार नव्हेत. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सुमारे 1,800 चिनी मुलांना इंग्रजी शिकण्यासाठी वेगळी मदत मिळत नव्हती. ते प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1974 मध्ये 'लाउ विरुद्ध निकोल्स' या खटल्यात न्यायालयाने एकमताने सांगितलं की सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक दिली असं होत नाही, कारण ज्याला भाषाच कळत नाही त्याच्यासाठी ते शिक्षण नसल्यासारखंच आहे. त्या पालकांनी भांडून मिळवलेली गोष्ट आपण एका खोट्या उत्तरापायी सोडून देतो.

पण ईएसएलने भाषा येईल, मैत्री नाही. नव्या मुलाची खरी परीक्षा लंचला असते. हातात डबा आहे, टेबलं भरलेली आहेत, बसायचं कुणाजवळ? घरी आपण सांगतो, "तू जाऊन बोल ना त्यांच्याशी." ऑफिसच्या पार्टीत अनोळखी घोळक्यात शिरताना आपल्याच पोटात गोळा येतो हे तेव्हा सोयीस्करपणे विसरतो. वर्गात सामावून घेतलं जाणं ही नव्या मुलाची जबाबदारी नव्हे. ते घडवून आणावं लागतं, आणि ते शिक्षकाच्या हातात असतं.

कसं, ते 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात दिसलं. शाळांतली वंशभेदाची भिंत नुकतीच पडली होती. गोरी, काळी आणि मेक्सिकन घरांतली मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली होती आणि भांडणं विकोपाला गेली होती. एलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञाला बोलावलं गेलं. त्याने मुलांना बंधुभावाची भाषणं दिली नाहीत. त्याने अभ्यासाची मांडणीच बदलली. पाच-सहा मुलांचा एक गट करायचा, धड्याचे तितकेच तुकडे करायचे, प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा. बाकीचे तुकडे सोबत्यांकडून ऐकल्याशिवाय मिळणार नाहीत, आणि परीक्षा मात्र अख्ख्या धड्यावर.

एका गटात कार्लोस होता. हे नाव ॲरनसननेच बदलून दिलेलं. इंग्रजी त्याची दुसरी भाषा. धडा होता जोसेफ पुलित्झरच्या चरित्राचा आणि त्यातला एक टप्पा कार्लोसच्या वाट्याला आला होता. तो अडखळू लागला तशी मुलं त्याची टर उडवू लागली. तिथे असलेल्या निरीक्षकाने रागावणं टाळलं. हसण्यात तुम्हाला मजा येत असेल, पण त्याने पुलित्झर कळणार नाही आणि परीक्षा जवळ आली आहे, एवढंच तो म्हणाला. पुढच्या काही दिवसांत मुलांचं वागणं बदललं. ती कार्लोसला नीट प्रश्न विचारू लागली. त्याला धीर आला, बोलणं सुधारलं, आणि आपण समजतो तितका हा मठ्ठ नाही हे मुलांना उमगलं.

या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र त्याच्या आधीचा आहे. कार्लोसच्या बाईंनी त्याला प्रश्न विचारणं सोडून दिलं होतं. दुष्टपणाने नव्हे, दयेने. तो अडखळतो, मुलं हसतात, मग कशाला बिचाऱ्याला उभं करा! या दयेने तो वर्गात असून नसल्यासारखा झाला होता. आपल्याकडचे पालक शिक्षकांकडे नेमकं हेच मागतात. "प्लीज, थोडे दिवस तिला विचारू नका, ती लाजते." माझ्या मते नव्या मुलासाठी याहून घातक मागणी नाही.

उलट उदाहरण आपल्याच मंडळातल्या एका घरात घडलं. नाशिकहून जानेवारीत, म्हणजे शाळेच्या वर्षाच्या अगदी मध्यावर, पाचवीत आलेली मुलगी. तिच्या विज्ञानाच्या बाईंनी एक गोष्ट हेरली. अमेरिकन मुलं वाढतात इंच आणि फॅरनहाइटवर, विज्ञानाचे प्रयोग मात्र चालतात सेंटिमीटर आणि सेल्सिअसमध्ये. पंचवीस अंश म्हणजे स्वेटर घालायचा की काढायचा हे त्या वर्गाला पटकन सांगता येईना. या मुलीला ते न शिकवता ठाऊक होतं. बाईंनी प्रत्येक गटात कामं वाटली आणि मोजमाप हिच्याकडे दिलं. मग प्रत्येक प्रयोगात कुणी ना कुणी हिच्याकडे वळून विचारू लागलं, हे बरोबर आहे का? लंचचं टेबल त्यानंतर आपसूक मिळालं. बाईंनी तिला गणिताचं काम दिलं नाही याचंही मला कौतुक आहे. 'इंडियन म्हणजे मॅथ' हा शिक्का बसायला वेळ लागत नाही आणि पुसायला वर्षं जातात.

याच्या तुलनेत आपली आवडती युक्ती पाहा. हेरिटेज डेला मुलीला परकर-पोलकं नेसवायचं, वर्गात लाडू वाटायचे, फोटो ग्रुपवर टाकायचे. एक दिवस टाळ्या मिळतात, पण त्यात ती पाहण्याची वस्तू असते, वर्गाचा भाग नसते. लाडू जरूर वाटा, त्याने काम झालं असं समजू नका.

"आम्ही आलो तेव्हा कोण होतं आमच्यासाठी? शिकलोच ना?" असं काही जण म्हणतील. शिकलात, पण तुम्ही एम.एस. करायला तेविसाव्या वर्षी, स्वतःच्या मर्जीने आला होतात. नऊ वर्षांच्या मुलाला कुणी विचारलं नव्हतं. दुसरा आक्षेप वजनदार आहे. पंचवीस मुलांच्या वर्गात शिक्षकाने एकासाठी किती करायचं? खरं आहे, त्यांच्यावर ओझं फार आहे. पण गटात कामं वाटणं हे जादा काम नाही, गट एरवीही होतातच. ईएसएलच्या तासाला मुलाला बाहेर नेतात आणि वर्गातली गंमत बुडते ही तक्रारही रास्त आहे. मग ईएसएलच्या शिक्षिकेने वर्गात येऊन मदत करावी असं सुचवा. बऱ्याच शाळांत तशी सोय असते.

आता थोडं आपल्या घरात. आपल्या रविवारच्या मराठी शाळेत चित्र नेमकं उलटं होतं. इथे जन्मलेला मुलगा "माझी आई आला" म्हणतो आणि पुण्याहून ताजी आलेली मुलं खिदळतात. आपणही गालातल्या गालात हसतो, कारण ते गोड वाटतं. पुढच्या वेळी त्याला प्रश्न विचारत नाही. म्हणजे कार्लोसच्या बाई आपल्याही शाळेत आहेत. गणपतीच्या नाटकात तर हे दर वर्षी होतं. अस्खलित मुलांना संवाद आणि उरलेल्यांना झाड, ढग किंवा 'गर्दीतला एक'.

म्हणून कार्यकारिणीला विनंती आहे की यंदाच्या नाटकात एकही मूल बिनसंवादाचं नको, आणि प्रत्येकाच्या वाक्यावर पुढच्याचं वाक्य अडलेलं असू द्या. आणि नव्याने आलेल्या पालकांना विनंती आहे की फॉर्मवर मराठी लिहा. नोव्हेंबरच्या पेरेंट-टीचर कॉन्फरन्सला जाल तेव्हा ग्रेड्सच्या आधी एक प्रश्न विचारा, "माझ्या मुलावर वर्गाचं कोणतं काम अवलंबून आहे?" उत्तर आलं नाही तर त्याला एखादं काम द्या म्हणून सांगा. बहुतेक शिक्षक आनंदाने देतील.