नव्या वसाहतीचे नाव सातबाऱ्यावर शोधावे

पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ आणि २०२१ साली आणखी २३ गावे समाविष्ट झाली, आणि या गावांच्या शिवारांत, मूळ गावठाणापासून दूर, ज्या वसाहती गेल्या काही वर्षांत उभ्या राहिल्या त्यांपैकी अनेकींना आजमितीस स्वतःचे असे नाव नाही. तेथील रहिवाशाला पत्ता विचारला, तर तो ‘हायवे ओलांडा, पंपाच्या पुढे दुसरी कमान, तिथून डीपी रोडला लागा’ असे सांगतो; आणि डीपी रोड म्हणजे विकास आराखड्यात आखलेला कोणताही रस्ता असल्यामुळे त्या नावाचा रस्ता औंधात आहे, कोथरुडात आहे, म्हात्रे पुलाजवळही आहे. रात्री-अपरात्री रुग्णवाहिका बोलवावी लागली म्हणजे या अनामिकतेची किंमत कळते.

नाव नसलेल्या जागी आज ना उद्या कोणते तरी नाव येऊन बसतेच. ते कोणी बसवावे, हा प्रश्न आहे. पहिला मान सध्या विकासकाच्या जाहिरातीकडे जातो. मुंबईत लालबाग, परळ, वरळी या गिरण्यांच्या मुलुखाला लोक गिरणगाव म्हणत, आणि कोणत्याही कचेरीत ठराव न होता ते नाव शाहिरीत, चाळींत आणि कामगारांच्या सभांत नांदले. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, त्या जमिनींवर मनोरे चढले, आणि त्याच भूमीचा एक तुकडा आता ‘अप्पर वरळी’ म्हणून विकला जातो. तेथे जन्मलेल्या एकाही माणसाची आठवण ज्याला चिकटलेली नाही असे नाव विक्रीला सोयीचे असेल, परंतु तीन पिढ्या राहायला आलेल्या कुटुंबांना ते पुरणारे नाही. दुसरा मार्ग थोर पुरुषांच्या नावांचा. त्या पुरुषांविषयी मनात पूर्ण आदर बाळगूनही हे म्हणावे लागते की, गांधीनगर, नेहरूनगर, शिवाजीनगर ही नावे शहरोशहरी असल्यामुळे त्यांवरून जागेची ओळख पटत नाही.

पुण्याचा पूर्वेतिहास या बाबतीत बोलका आहे. मुर्तजाबाद, मोहियाबाद, मलकापूर ही पेठांची नावे मागे पडून शनिवार, बुधवार, रविवार रूढ झाले. शिवपुरीची, सरदार रास्त्यांच्या नावावरून, रास्ता पेठ झाली. बोरींच्या रानात वसलेली पेठ देवीच्या देवळामुळे भवानी म्हणवू लागली. आणि १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखाना या क्रीडासंस्थेचे नाव तर आसपासच्या सगळ्या वस्तीने उचलले. जी नावे टिकली त्यांच्यामागे बहुधा लोकांच्या रोजच्या नजरेतले, वहिवाटीतले काहीतरी होते. दप्तराची स्मृती मात्र लोकांच्या स्मृतीहून चिवट असते: भांबुर्ड्याचे शिवाजीनगर होऊन किती काळ लोटला, तरी खरेदीखतात ‘मौजे भांबुर्डा’ हे शब्द आजही उमटतात.

मग कालपरवापर्यंत ज्वारीचे शेत असलेल्या जागी नावाजोगे असे काय आहे, असे कोणी विचारील. पुष्कळ आहे, आणि ते सरकारी दप्तरातच पडून आहे. गाव नमुना सात हाती घेऊन पाहावा. गट क्रमांक, भूधारणा पद्धती, भोगवटादाराचे नाव, आकार, आणि यांच्याच जोडीला एक रकाना: ‘शेताचे स्थानिक नाव’. कोठे तो कोरा असतो. पण जेथे तलाठ्याने तो भरलेला असतो तेथे चिंचमळा, थोरली पड, म्हसोबाचा माळ, ओढ्याची पट्टी अशा धर्तीची नावे वाचावयास मिळतात, आणि कोरा असेल तेथेही गावठाणातील एखाद्या वृद्ध बाईला विचारले तर ती बांधाबांधाचे नाव सांगते, कारण भाकरी घेऊन कोणत्या रानात जावयाचे हे तिला त्या नावानेच सांगितले जाई. या नावांत भूगोल साठलेला आहे. पाणी कोणत्या अंगाने वाहते, जमीन कोठे खडकाळ आणि कोठे पाणथळ, हे ती सांगतात. ज्या शेताला पिढ्यान्‌पिढ्या ‘खळगा’ म्हणत आले, तेथील इमारतीच्या तळघरात पावसाळ्यात पाणी का शिरते, याचे उत्तर शोधावयास फार दूर जाण्याची गरज नाही. जमीन बिनशेती होऊन नगर भूमापन झाले आणि सातबारा बंद पडून मिळकत पत्रिका सुरू झाली, म्हणजे हा रकानाच नाहीसा होतो, आणि त्याबरोबर ते नावही.

जुने तेवढे सगळे पूज्य, असा आग्रह मात्र येथे धरता येणार नाही. शिवारातील काही नावे वतनांची, आणि म्हणून जातींची, आहेत. कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, आणि वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तो योग्यच होता. ज्या नावाने कोणाला मान खाली घालावी लागली, ते अभ्यासकांच्या संग्रहात राहो, पाटीवर नको. नव्याने आलेल्यांचाही हक्क आहे. लातूरहून, नागपूरहून, पाटण्याहून पोटासाठी आलेल्या माणसाने आयुष्याची मिळकत घालून येथे घर घेतले आहे. त्याला परका ठरवण्यासाठी जुन्या नावाचा उपयोग कोणी करू नये. उलट, आपण कोणाच्या रानात राहतो हे त्याला कळावे, आणि रान विकून गावठाणात उरलेल्या कुटुंबालाही त्या वसाहतीविषयी आपलेपणा राहावा, एवढीच अपेक्षा.

यासाठी नवा कायदा किंवा मोठा खर्च लागणार नाही. समाविष्ट गावांतील सगळे सातबारे अद्याप बंद झालेले नाहीत, तोवर तलाठी दप्तरांतील स्थानिक नावांची गाववार यादी महानगरपालिकेने करवून घ्यावी, गावातील जाणत्यांना, विशेषतः बायकांना, विचारून कोरे रकाने भरावेत, आणि ती यादी क्षेत्रीय कार्यालयात लावावी. महानगरपालिकेच्या नाव समितीपुढे एखाद्या वसाहतीचा प्रस्ताव आला, तर त्या गटाचे स्थानिक नाव काय होते हे प्रस्तावात नमूद असल्यावाचून तो विचारात घेऊ नये. आणि विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागवताना रहिवाशांना नावाविषयीही लिहिण्याची मुभा असावी, मग तो अर्ज साध्या कागदावर, हाताने लिहिलेला का असेना.