आधी माझी पावती फाडा

माझी गाडी आमच्या गल्लीत रस्त्याच्या कडेला उभी असते. १३ फूट लांब, साडेपाच फूट रुंद. म्हणजे पुण्याची सुमारे ७० चौरस फूट जमीन मी फुकटात अडवून बसलोय. आठवड्यातले सहा दिवस ती जागची हलत नाही. टपावर वाळकी पानं, बॉनेटवर मांजर. तिच्या मागे एक मावशी पालेभाजीची हातगाडी लावतात. अतिक्रमणवाल्यांचा ट्रक आला की मावशी जुड्या गोणपाटात कोंबून धावत सुटतात. परवा त्यांचा वजनकाटा गेला. माझ्या गाडीला मात्र अतिक्रमण म्हणायची आजवर कोणाची टाप झालेली नाही. मावशी पोट भरतात म्हणून अडथळा, मी हप्ते भरतो म्हणून नागरिक!

पुण्याला नियोजन जमत नाही म्हणतात. साफ खोटं. आराखडे इथे पैशाला पासरी मिळतात. देशातली पहिली बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतली बससेवा, इथेच धावली, २००६ मध्ये, कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर. बसच्या मार्गिकेत आपण मोटारी घातल्या, दुचाक्या घातल्या आणि वर ठरवून टाकलं, की कोंडी बीआरटीमुळे होते. नगर रस्त्यावरची तर उखडूनच टाकली. चोर शिरले म्हणून कुलूप काढून टाकावं, तसं.

विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पंधरा वर्षंही टिकला नाही. मेट्रोच्या आड येतो म्हणून २०२० मध्ये पाडला. 'पूल ही कल्पनाच फसली' असं कोणी म्हणालं? छे! पूल चुकला की दुमजली पूल बांधायचा, बस चुकली की बसची वाटच बंद करायची.

२०१८ मध्ये पार्किंग धोरण आलं. रस्त्यावर गाडी लावाल तर पैसे मोजा, एवढंच त्याचं म्हणणं. केवढा गदारोळ! धोरण पाच रस्त्यांपुरतं आक्रसलं आणि मग फायलीत जाऊन झोपलं. 'आधी पीएमपीच्या बस सुधारा, मग आमच्या गाड्यांना हात लावा,' असं तेव्हा मीही तावातावाने म्हणालो होतो. आता कळतं, बस सुधारायची तर तिला रस्ता हवा. आणि रस्त्यावर माझी गाडी उभी आहे.

हे कोणत्याही नगररचनाकाराला ठाऊक असतं. पण पूल बांधला तर गाडीवाला टाळ्या वाजवतो. पदपथ रुंद केला तर त्याची जागा जाते. मत मावशींचंही एक, माझंही एकच. फरक इतकाच, की मावशींकडे नगरसेवकांचा नंबर नाही आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते स्वतःच आहेत.

तेव्हा नवा आराखडा नको, सल्लागार तर मुळीच नको. आमच्या गल्लीत या, तासाच्या दराची पाटी ठोका आणि पहिली पावती माझ्या नावाने फाडा. मी आरडाओरडा करीन, कर भरतो म्हणून ऐकवीन, ग्रुपवर लांबलचक निषेध लिहीन.

लक्ष देऊ नका.