हजिऱ्याचा हिशेब : उत्खनन हवेच, पण स्वावलंबनासाठी तेवढे पुरेसे नाही

सुरतजवळ, तापीच्या मुखाशी वसलेल्या हजिऱ्यात भारताच्या ऊर्जाधोरणाची दोन रूपे शेजारी शेजारी उभी आहेत. एकीकडे ओएनजीसीचा वायुप्रक्रिया प्रकल्प. मुंबईलगतच्या समुद्रातील वसई क्षेत्राचा वायू दोनशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या सागरी वाहिनीतून तेथे पोहोचतो. दुसरीकडे परदेशातून जहाजाने येणारा द्रवरूप वायू उतरवून घेणारे, २००५ पासून कार्यरत असलेले टर्मिनल. देशांतर्गत उत्खनन वाढवून ऊर्जेत स्वावलंबी होता येईल का, या वादाचे उत्तर या दोन दारांपाशी शोधता येते.

उत्खननाच्या बाजूने केंद्र सरकारने गेल्या काही वर्षांत वेगाने पावले टाकली आहेत. १९४८ च्या तेलक्षेत्र कायद्यातील दुरुस्तीला मार्च २०२५ मध्ये लोकसभेची मंजुरी मिळाली. संरक्षण व अन्य कारणांसाठी बंद ठेवलेले बरेच सागरी क्षेत्र शोधासाठी खुले झाले. १५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी खोल समुद्रातील शोधमोहिमेची घोषणा केली. जुन्या मुंबई हायमधील उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या विदेशी कंपनीचे तांत्रिक साहाय्यही घेतले गेले आहे.

उद्दिष्टाविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. प्रश्न आकड्यांचा आहे. २०१५ मध्ये खनिज तेलाच्या आयातीवरील अवलंबन ७७ टक्क्यांवरून २०२२ पर्यंत दहा टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य ठरले होते. प्रत्यक्षात २०२४-२५ मध्ये ते ८८ टक्क्यांच्या आसपास गेले. २०११-१२ मध्ये देशात सुमारे ३.८ कोटी टन तेल निघाले होते. २०२४-२५ मध्ये हे उत्पादन २.९ कोटी टनांच्याही आत आले. पेट्रोलियम पदार्थांचा वार्षिक खप मात्र सुमारे २४ कोटी टनांवर पोहोचला. उद्या उत्पादन पुन्हा जुन्या उच्चांकावर गेले, तरी ते आजच्या खपाच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढेच भरेल.

दक्षिण गुजरातला भूगर्भातील या संपत्तीची ओळख जुनी आहे. अंकलेश्वरचे तेलक्षेत्र १९६० मध्ये सापडले, तर मुंबई हायचा शोध १९७४ चा. हजिऱ्याहून निघालेल्या वाहिनीने नंतर उत्तर भारतातील खत कारखान्यांना वायू दिला. पण तेलविहिरीला आयुष्याची मर्यादा असते. सुरतच्या नदीचेच नाव धारण करणाऱ्या तापी सागरी क्षेत्रातील उत्पादन २०१६ मध्ये थांबले आणि तेथील फलाट उतरवण्याचे काम पुढे हाती घ्यावे लागले. नव्या विहिरींचा मोठा भाग अशी आटणारी क्षेत्रे भरून काढण्यातच खर्ची पडतो.

दराचे गणितही सोपे नाही. एप्रिल २०२३ पासून जुन्या क्षेत्रांतील वायूचा दर आयात तेलाच्या किमतीच्या दहा टक्के, पण कमाल मर्यादा साडेसहा डॉलर, असा ठरला. पुढे ही मर्यादा थोडी वाढवण्यात आली. ग्राहकाला त्याने दिलासा मिळतो. मात्र खोल समुद्रात भांडवल ओतणाऱ्याला हा दर पुरत नाही, म्हणून नव्या विहिरींच्या वायूला अधिक भाव मान्य झाला. २०२४ च्या अखेरीस शहरी वितरण कंपन्यांना मिळणारा स्वस्त देशी वायू कमी केला गेला आणि ती तूट महाग वायूने भरण्याची वेळ आली. सुरतच्या कापड प्रक्रिया गिरण्यांना तर वायूसाठी बाजारभावच मोजावा लागतो. तो भडकला की कोळशाचा मोह बळावतो आणि त्याचा धूर शहराच्या वाट्याला येतो.

आयातीचा धोका वेगळा. कतारचा वायू होर्मुझच्या सामुद्रधुनीतूनच बाहेर पडतो. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाच्या गॅझप्रॉमच्या सिंगापूरस्थित उपकंपनीने गेल या सरकारी कंपनीला करारानुसार ठरलेली जहाजे पाठवली नाहीत. करार हातात असूनही माल येत नाही, हे तेव्हा दिसले.

गोव्याला हा वाद दूरचा वाटू नये. गुजरातच्या दहेजपासून येणारे वायुवाहिन्यांचे जाळे दाभोळमार्गे गोव्यापर्यंत पोहोचले असून झुआरीनगरचा खत कारखाना २०१३ पासून नाफ्त्याऐवजी वायूवर चालतो. वायूच्या भावातील चढउताराचा परिणाम येथवर येतो. समुद्रातील शोध वाढला, तर फलाटांभोवतीच्या पाचशे मीटरच्या सुरक्षा पट्ट्यामुळे मासेमारीचे क्षेत्र आक्रसण्याचा प्रश्नही कोकण किनाऱ्याला लागू होतो. म्हणून परवान्यापूर्वीच मच्छीमारांचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक ठरते.

उत्खनन थांबवणे हा यावरचा उपाय नव्हे. घरची प्रत्येक विहीर परकीय चलन वाचवते आणि संकटकाळी थोडा अवधी मिळवून देते. पण तिच्याकडून स्वावलंबनाची अपेक्षा बाळगणे म्हणजे झिजलेल्या बांधावर सगळे शेत सोपवणे होय. रेल्वे, सार्वजनिक वाहतूक, विजेवरची वाहने आणि अपारंपरिक ऊर्जा यांतून खपाची वाढ रोखली, तरच देशी उत्पादनाला अर्थ येईल. तसेच, तुटपुंजा देशी वायू आधी स्वयंपाकघराला, खताला की कारखान्याला, हा प्राधान्यक्रम सरकारने टंचाई येण्यापूर्वीच स्पष्टपणे जाहीर करायला हवा. टंचाईत घाईने घेतलेल्या निर्णयाची किंमत अखेर सामान्य ग्राहकालाच मोजावी लागते.