घड्याळ बंद पडले तर दोष माणसाला का?

काही माणसांच्या हाताला घड्याळ लाभत नाही, त्यांच्या अंगात जादा वीज असते, अशा अर्थाचा मजकूर आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. असे अनुभव सांगणारे लोक खोटे बोलत नाहीत. घड्याळ खरोखरच बंद पडलेले असते. मात्र त्याचे खापर माणसाच्या अंगावर फोडणे मान्य करता येत नाही.

आधी अंगातल्या विजेचा हिशेब पाहू. ईसीजी काढताना त्वचेवर मिळणारी हृदयाची वीज जेमतेम 1 मिलिव्होल्ट भरते. घड्याळातला सेल साधारण दीड व्होल्टचा, म्हणजे तिच्या दीड हजार पट. कपड्यांच्या घर्षणाने अंगावर साचणारी स्थिर वीज हजारो व्होल्टची असू शकते आणि उघड्या सर्किटला ती घातकही ठरते, हे खरे. पण ती किती साचेल हे कापड, चपलेचा तळ आणि हवेचा कोरडेपणा यांवर ठरते. ती कुणी जन्मतः घेऊन येत नाही.

मग घड्याळे का थांबतात? कोणत्याही घड्याळजीला विचारावे. ऑटोमॅटिक घड्याळाला मनगटाच्या हालचालीने चावी मिळते. आजारी किंवा दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या हातावर ते थांबू शकते. क्वार्ट्झ घड्याळाचे काटे फिरवणाऱ्या इवल्याशा मोटरीत चुंबक असतो; पर्सचे चुंबकी बटण किंवा मोबाइलचा स्पीकर अगदी जवळ आला की ती अडखळते. जुन्या गॅस्केटमधून घाम आणि दमट हवा आत शिरली की गंज चढतो. एकाच व्यक्तीची तीन घड्याळे बिघडली, तर तिन्ही घड्याळांच्या वाट्याला तीच पर्स, तोच घाम आणि त्याच सवयी आलेल्या असतात.

2018 साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या एका रुग्णालयात अनेकांचे आयफोन आणि अ‍ॅपल वॉच अचानक बंद पडले. अँड्रॉइड फोन मात्र चालू होते. शोध घेतल्यावर कारण निघाले नव्या एमआरआय यंत्राच्या उभारणीत गळालेला हेलियम वायू. फोनमधील वेळ राखणाऱ्या सूक्ष्म कंपकात तो शिरला होता. शोधच घेतला नसता, तर एखाद्या कर्मचाऱ्याच्या ‘पायगुणा’ची कथा तिथेही जन्मली असती.

नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली यांच्याबद्दल ती जन्मलीच होती. ते आले की प्रयोगशाळेतली उपकरणे मोडतात, असे सहकारी गमतीने म्हणत. ग्योटिंगेनला उपकरण बिघडले तेव्हा पाउली तिथे नव्हते, पण त्याच वेळी त्यांची गाडी त्या स्टेशनात थांबली होती, असाही किस्सा रंगवून सांगतात. ते समोर असताना सुरळीत पार पडलेल्या प्रयोगांची नोंद मात्र कुणी ठेवली नाही. नुसते बिघाड लक्षात ठेवले की कुणाविरुद्धही पुरावा उभा राहतो.

पाउलींची थट्टा झाली, नुकसान झाले नाही. आपल्याकडे हाच शिक्का नव्या सुनेवर बसला तर घरातला मिक्सर जळण्यापासून धंदा बुडण्यापर्यंत सारे तिच्या माथी मारले जाते. मग शांती, अंगठ्या आणि ऊर्जेचे बिल्ले विकणाऱ्यांचे फावते. या विषयाकडे निव्वळ मौज म्हणून पाहता येत नाही, ते यासाठी.

ज्यांना घड्याळ ‘लाभत नाही’, त्यांनी तेच घड्याळ काही दिवस घरातल्या दुसऱ्याला वापरायला द्यावे, थांबलेल्या दिवसांबरोबर चाललेले दिवसही लिहून ठेवावेत आणि शेवटी घड्याळ उघडून तपासून घ्यावे. संपादकांना विनंती एवढीच, की पुढच्या वेळी असे अनुभव छापताना शेजारी एखाद्या जाणत्या घड्याळजीचे म्हणणेही छापावे.

– एक वाचक, ठाणे