रस्त्यावरचे 'ए'



सकाळी सहा-साडेसहाला पुण्यात दापोडी-खडकीच्या रस्त्यावर उभे राहा, म्हणजे सायकलवर कोण असते ते दिसेल. हँडलला डबा अडकवलेला वॉचमन, कारखान्यातला हेल्पर, पेपर टाकणारे पोर. एकेकाळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आता कामावर सायकलने जातो तो बहुधा ज्याला दुचाकी परवडत नाही तो. आणि त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलायचे, हेही त्यावरूनच ठरते. आधी मागून हॉर्न, मग काच खाली होते आणि "ए, बाजूला हो!" माणूस साठीचा असला तरी 'ए'च. तोच स्कूटरवर असता तर 'अहो काका' झाला असता. माणसाची पायरी अशी बाहेरून ठरवणारी उतरंड आपल्याला नवी नाही.

परंतु नुसते मोटारवाल्यांकडे बोट दाखवून कसे चालेल? हप्त्यावर मोटारसायकल घेतलेली आपली मुलेही, टाकीवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' लिहून, त्याच वॉचमनला शिवी हासडून पुढे जातात. यांचे बाप जन्मभर सायकल मारत कामावर गेले! सम्यक वाचेत खोटे न बोलणे जसे येते, तसे कठोर न बोलणेही येते. ती काय फक्त रविवारी विहारात पाळायची?

सायकलवाल्यांचेही चुकते. उलट्या बाजूने येतात, रात्री मागे लाल रिफ्लेक्टर नसतो, हात न दाखवताच वळतात. मागच्याला सांगायला आपल्याजवळ हातच तर आहे.

या 'ए'चा पुढचा भाग अपघातानंतर ऐकू येतो. "ए, हे पाचशे घे अन् मिटव." वाकलेले चाक बघून गरीब माणूस नोट घेतो. पायाचे हाड मोडल्याचे संध्याकाळी कळते. चालकाने सायकलस्वारांची विशेष काळजी घ्यावी, असे २०१७ च्या वाहनचालन नियमांत लिहिलेले आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणे व पोलिसांना खबर देणे हे चालकाचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे. वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तरी कलम १६१ खाली १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख व गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये भरपाई आहे. त्यासाठी प्रांत किंवा तहसील कार्यालयात चौकशी करावी. पोलिसांत नोंद मात्र त्याच दिवशी करा, दवाखान्याचे कागद जपून ठेवा, आणि नोटेला हात लावण्याआधी गाडीचा नंबर लिहून घ्या.