‘हिंदुस्थान’ नौका आणि माळ्यावरची ट्रंक

दोन धुराडी, दोन उंच डोलकाठ्या आणि पुढे-मागे रोखलेल्या बारा इंची तोफा. ब्रिटिश आरमारातील या युद्धनौकेची कृष्णधवल छायाचित्रे आजही जपलेली आहेत. तिचे नाव होते ‘हिंदुस्थान’. साम्राज्यातील मुलुखांची नावे तेव्हा युद्धनौकांना दिली जात. ‘आफ्रिका’ आणि ‘न्यूझीलंड’ या तिच्याच भगिनी. १९०३ मध्ये स्कॉटलंडमधील क्लाइडबँकला तिचे जलावतरण झाले, १९०५ मध्ये ती आरमारात दाखल झाली. पण १९०६ मध्ये ‘ड्रेडनॉट’ आली आणि ही नवीकोरी नौका वर्ष-दीड वर्षातच जुनी ठरली. १९२१ मध्ये ती भंगारात विकली गेली. नौका गेली, छायाचित्र मात्र नावानिशी, सालानिशी उरले.

नौकेला नाव आपले मिळाले, पण त्या काळी समुद्रावर राबलेल्या आपल्या माणसांचे काय? ब्रिटिश आगबोटींवर हजारो हिंदी खलाशी भट्टीत कोळसा टाकत, डेक धूत. पहिल्या महायुद्धात ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर मिळाली नाही, अशा दोन हजारांहून अधिक जणांची नावे मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहातील स्मारकावर आहेत. नावे आहेत, त्यांतल्या बहुतेकांचे चेहरे कुणालाच ठाऊक नाहीत.

महाड-पोलादपूरला ही गोष्ट परकी नाही. डोंगरउतारावरची शेती पोटाला पुरेना, म्हणून इथला तरुण गिरणीत, गोदीत नाहीतर पलटणीत गेला. महाड तालुक्यातील एका गावाचे तर नावच फौजी आंबवडे. गणवेशातला फोटो घरी यायचा, भिंतीवर लागायचा. पुढे घर नवे झाले आणि फोटो माळ्यावरच्या ट्रंकेत गेला. आज नातवाने ‘हे कोण?’ विचारले, तर सांगणारी आजी उरलेली नसते.

जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड बुडाले. भांडीकुंडी पुन्हा घेता येतात; भिजून एकमेकांना चिकटलेले फोटो पुन्हा मिळत नाहीत.

साम्राज्याने आपल्या नौकांच्या नोंदी ठेवल्या, कारण त्याला त्या मोलाच्या वाटल्या. आपल्या आजोबा-पणजोबांचे मोल आपल्याला तेवढे वाटते का? एखाद्या रविवारी ट्रंक उघडावी, वडीलधाऱ्यांना शेजारी बसवावे. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव, साल, पलटण किंवा बोट लिहावी. शाई पाण्यात पसरते. एक प्रत मुंबई-पुण्याच्या नातलगांकडे ठेवावी. यासाठी सरकारी योजनेची वाट पाहायला नको. पावसाळ्यापूर्वी कौले शाकारावीत, तसे हे घरचेच काम आहे.